नवसाचे पाय

माझा धंदा पायांचा आहे. कोरेगावच्या पेठेत वडिलांनी घातलेलं पायताणांचं दुकान मी चालवतो, आणि उभा जन्म माणसं खालून वर बघत आलोय. तोंड काय, वेळ पाहून बदलतं. टाचेला ते जमत नाही. कोण घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं घेत नाही, कुणाचा गुडघा गेलाय आणि तो तसं सांगत नाही, कुणाला चालायचा कंटाळा आणि कुणाला घरी जायचा, हे मला चपलेच्या झिजेवरून कळतं. माझी बायको अनसूया म्हणते, माणसाच्या तोंडाकडं बघून बोलावं, ही कसली खोड. असेल खोड. पण नाथाजीचं जे झालं ते त्याच्या तोंडावर कधी दिसलंच नाही. ते पायात दिसलं, म्हणून मीच सांगायला हवं.

नाथाजी माझ्या वर्गातला. जवळच्याच वाडीचा. शाळा सुटली तशी मी वडिलांच्या दुकानात ऐरणीपुढं बसलो आणि तो फौजेत गेला. हवालदार होऊन परत आला आणि उसाच्या रानात रमला. त्याची बायको मनुबाई आणि माझी अनसूया दोघी मेढ्याकडच्या एकाच गावच्या लेकी, त्यामुळं सणावाराला येणंजाणं. पोरगा वीरधवल बापासारखाच फौजेत, लांब सरहद्दीवर. त्याची बायको रेश्मा घरी असते. पोरगी राजनंदिनी सांगलीला दिलीय.

फौजेतून सुटल्यावर नाथाजीनं पहिलं काम काय केलं असेल, तर माझ्याकडून चालताना कर्रकर्र वाजणारं पायताण करून घेतलं. ते वाजायला लागलं की गल्लीतल्या बायका डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि पोरं अभ्यासाला बसायची. दर दिवाळीला नवा जोड. माप घ्यायला बसला की त्याचं फौजेतलं पुराण सुरू व्हायचं. लांबची चाल झाली की पोरांनी बूटमोजे काढायचे, पाय पुढं करून ओळीनं बसायचं आणि हवालदारानं एकेकाचे तळवे बघायचे. बोटांच्या बेचक्यातसुद्धा.

"सैन्य पोटावर चालतं म्हणत्यात," तो म्हणायचा, "झूट हाय गड्या. पायावर चालतं. फोड लपवला म्हनून म्या एकाला आख्ख्या कंपनीफुडं झाडला हुता."

त्याच्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा चांगलंच लांब. त्यासाठी मी डाव्या पायताणाचा पंजा जरा पुढं काढायचो. एवढं सांगून ठेवतो, कारण पुढं लागणार आहे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या आधीच्या थंडीत तो दुकानात यायचा आणि टेकायच्या आत पाणी मागायचा. तांब्या रिकामा करायचा, थोड्या वेळानं पुन्हा मागायचा, आणि मधेच उठून दुकानामागच्या भिंतीकडं जाऊन यायचा. अंगानंही वाळला होता. मी म्हणायचो, "हवालदार, उसाला पाणी पाजताय का पोटाला?" अनसूया एकदा म्हणाली, दाजींची साखर तपासा. त्यावर तो हसला.

"साखर कारखान्यात आसती वैनी. आमच्या घराण्यात कुनाच्या अंगात सापडायची न्हाई."

एप्रिलात वाडीत ताप फिरला. नाथाजीच्या घरात तिघंही सापडली. मनुबाई आणि रेश्मा यांचा ताप दोन-चार दिवसांत उतरला. दोघी पुढं शाळेतल्या विलगीकरणात नुसत्या झोपून आल्या. घरातला सगळ्यात दणकट गडी तेवढा पडला. आणि त्याची सेवा तरी कशी चालली होती, तर सुंठ, मिरी, तुळस आणि घरचा गूळ घालून काढा, तोही दिवसातून चार-पाच वेळा, पितळी पेला भरून. गुळानं ताकद येते म्हणे. त्याला बोलताना धाप लागायला लागली तेव्हा शेजारच्या दादासोनं जीप काढली आणि साताऱ्याला नेऊन टाकलं.

तिथं बोटातलं रक्त घेतलं तर साखर चारशेच्या वर. डॉक्टरांनी वीरधवलला फोनवर सांगितलं, तुमच्या वडिलांना मधुमेह आहे आणि तो जुना दिसतोय. साखर अशी वाढलेली असली की कोरोनाला मोकळं रान मिळतं, फुफ्फुसं भरतात. आता फुफ्फुसांसाठी स्टेरॉईड द्यावं लागेल, आणि त्यानं साखर अजून चढेल. इन्सुलिन देतोय, बघू. पोरगा बर्फात उभा, इकडं बाप ऑक्सिजनवर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आत कुणाला सोडत नव्हते. विलगीकरणातून सुटल्यावर मनुबाई रोज दादासोच्या जीपमधून साताऱ्याला जायची आणि फाटकाबाहेर झाडाखाली बसून यायची. एका दुपारी फाटकातून लागोपाठ दोन मयतं प्लॅस्टिकात गुंडाळून बाहेर आली. कोण होती ते तिला ठाऊक नाही. तिनं तिथल्या तिथं वाडीच्या भैरवनाथाला हात जोडले आणि नवस बोलली, माझा माणूस सोताच्या पायानं चालत घरी येऊ दे, पुढच्या यात्रेपतूर त्येच्या पायात पायताण घालू देनार न्हाई.

आणि तो आला. मे सरता सरता आला, स्वतःच्या पायानं फाटकातून चालत. सोडताना डॉक्टरांनी रेश्माला बजावलं होतं, गोळ्या चालू ठेवा, साखर तपासत राहा, पायांकडं लक्ष द्या. रेश्मानं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. पण ऐकणाऱ्यांच्या डोक्यात शिरेपर्यंत त्या सांगण्याचा अर्थच बदलला होता. साखर कशानं चढली, तर स्टेरॉईडनं. स्टेरॉईड कशासाठी, तर कोरोनासाठी. कोरोना गेला, स्टेरॉईड गेलं, मग साखर कुणासाठी थांबेल? दिलेल्या गोळ्या संपल्या तशा पुन्हा आणल्या नाहीत. रेश्मानं तपासायचं यंत्र आणायचं म्हटलं तर नाथाजी म्हणाला, "उगं रोज रगत कशाला काढायचं, पोरी?"

त्या दिवसांत दुकानं बंद ठेवायचा हुकूम होता. मी शटर अर्धं ओढून आत बसायचो, कुणी नडलेला आला तर चप्पल शिवून द्यायचो. शटरखालून माणूस गुडघ्यापासून खालीच दिसायचा. मला काय, तेवढा पुरे. एका दुपारी शटरसमोर दोन पाय येऊन थांबले, अनवाणी. डाव्या अंगठ्याशेजारचं बोट लांब. मी पाय ओळखले, पण ते असे उघडे चालत आलेले कधी पाहिले नव्हते.

"दादा, मी हाय," वरून आवाज आला. मला सगळा गाव दादाच म्हणतो.

तो आत आला नाही. अंतर ठेवायचं म्हणून बाहेरच उभा राहिला आणि मला सगळं सांगितलं, ऑक्सिजनचं, शेजारच्या खाटांचं, नवसाचं. माझ्या दुकानापुढच्या गटारीवर लोखंडी पत्रा टाकलेला आहे. भर दुपारचं ऊन, त्या पत्र्यावर कुत्रं पाय ठेवत नव्हतं. नाथाजी त्या पत्र्यावर उभा होता. आरामात. एक पाय जरा पुढं, एक मागं, एस्टीची वाट बघत उभं राहावं तसा.

"आरं, चटका बसत न्हाई व्हय?" मी विचारलं.

"फौजी कातडं हाय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "भैरवनाथाची किरपा म्हन."

समोरचा किराणावाला तात्याबा त्याच्या फळीवरून हे बघत होता. त्यानं लांबूनच नाथाजीला हात जोडले. दोन दिवसांत पेठेत झालं की हवालदाराला देव पावलाय, निखाऱ्यावरून चालला तरी भाजत नाही. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. पत्रा काय देवाला ओळखतो? न भाजणारे पाय मी धंद्यात पाहिलेच नव्हते असं नाही. पाहिले होते, आणि ते पुढं कुठं गेले तेही पाहिलं होतं.

पाऊस लागल्यावर मी मुद्दाम वाडीला गेलो. मनुबाई चुलीपुढं बसली होती. मी म्हटलं, "वहिनी, नवस तुमचा आणि पाय त्याचे, हा कुठला न्याय? तुम्ही स्वतः अनवाणी चाला की."

"माझ्या पायाचं काय मोल नाथाला?" ती म्हणाली. "ज्येचा जीव राकला त्येनंच द्याया पायजे. आमच्या सासूबाईनं घालून दिलंय."

"साखरवाल्या माणसानं अनवाणी चालू नये म्हणतात."

"त्यांस्नी साखर न्हाई आता. कोरोनाची हुती ती." आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "भावजी, पुन्यांदा तसलं बोलू नगासा. ऐकतोय त्यो."

कोण ऐकतोय ते तिनं सांगितलं नाही, पण तिनं देवघराकडं बघितलं ते भीतीनं. भक्तीनं नव्हे. त्या बाईनं फाटकातून निघालेली ती दोन मयतं पाहिली होती. तिसरं तिचं असायचं होतं आणि ते कुणीतरी थांबवलं होतं. त्या कुणालातरी दुखवायची तिची छाती नव्हती. नाथाजीला विचारलं तर तो म्हणाला, "हुकूम वरनं आलाय, दादा. पाळायचा."

भाद्रपदात गौरी आल्या. अनसूयेबरोबर मीही वाडीला गेलो. घर शेणानं सारवलेलं, माळ्यावरची समई खाली आलेली. रेश्मानं उंबऱ्यापासून माजघरापर्यंत आणि तिथून चुलीपर्यंत कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून गौरीची पावलं उमटवली होती. इवलीइवली, जोडीनं, एकापुढं एक. संध्याकाळी बाया तेरड्याच्या गौरी घेऊन विहिरीवरून आल्या. दारात थांबल्या तशी आतून मनुबाईनं विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलानं आली?" आणि बाहेरून बायांनी सांगितलं, "हळदीकुंकवाच्या पावलानं आली." घरात गर्दी झाली. नाथाजी मागच्या परसातून केळीचे खुंट खांद्यावर घेऊन आला, मखराला बांधले, आणि ओसरीत माझ्या शेजारी येऊन खाटेवर बसला. आम्ही चहा पीत होतो.

आत आरती झाली. मग बायांचा आवाज एकाएकी कमी झाला. मनुबाई म्हणत होती, "रेश्मा, ही मोठी पावलं कुनी काढली गं?"

"म्या न्हाई, आत्या." इकडं सुना सासूला आत्याच म्हणतात.

मी उठून दारातून वाकलो. परसदारापासून मखरापर्यंत आणि मखरापासून ओसरीपर्यंत, गौरीच्या चिमण्या पावलांना आडवी छेदत, दुसरी तांबडी पावलं उमटली होती. मोठी, पुरुषाची. कुंकू तोवर वाळून फिकं पडलं होतं; ही ओली होती आणि समईच्या उजेडात चमकत होती. आणि सगळी एकाच पायाची. डाव्या. एक म्हातारी हळूच म्हणाली, "एका पायानं आली म्हनायची गौर." कुणीतरी तिला गप केलं.

मला पाऊल ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. अंगठ्याशेजारचं बोट लांब होतं.

मी खाटेकडं वळलो. "नाथाजी, डावा पाय वर कर."

"का रं?"

"कर म्हणतो ना."

त्यानं बशी खाली ठेवली आणि पाय उचलून गुडघ्यावर घेतला. तळव्यात, अंगठ्याच्या बुडाशी, फुटक्या कौलाची कपची बोटाच्या पेराएवढी आत गेली होती. पण ते आजचं. कपचीच्या भोवती जे होतं ते आजचं नव्हतं. तिथं एक खड्डा होता, कडा पांढऱ्या पडलेल्या, आणि आतून वास येत होता. कातड्याच्या धंद्यात जन्म गेलाय माझा, कुजका वास मी कुठल्याही उदबत्तीच्या वासातून ओळखतो. किती दिवस तो त्याच्यावर चालला होता, देव जाणे. ज्यानं कंपनीच्या कंपनीचे तळवे पाहिले, त्यानं स्वतःचा एकदाही उलटून पाहिला नव्हता, कारण दुखलंच नव्हतं.

नाथाजी त्या पायाकडं बघत राहिला. परक्याचा पाय कुणीतरी त्याच्या मांडीवर आणून ठेवलाय असं त्याचं बघणं होतं. "मला काय कळलंच न्हाई की," एवढंच म्हणाला.

आत मनुबाई ओलं फडकं घेऊन जमीन पुसत होती. कुंकू आणि रक्त एकत्र होऊन सगळं सारवण तांबडं झालं, आणि ती पुसतच राहिली. कुणाला तिला थांबवायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनी आणि जावई अनीश गाडी घेऊन आले आणि आम्ही त्याला सांगलीला नेलं. गाडीतून उतरताना अनीशनं स्वतःच्या रबरी सपाता सासऱ्याच्या पायात सरकवल्या. दवाखान्याच्या अंगणात खडी होती. मनुबाईनं ते बघितलं, ओठ उघडले आणि मिटून घेतले.

सांगलीच्या डॉक्टरांनी एक जाडसर नायलॉनचा दोरा काढला. नाथाजीला म्हणाले, "काका, डोळे मिटा. पायाला दोरा लागला की 'हो' म्हणा." नाथाजीनं डोळे मिटले, खाटेवर ताठ बसला आणि थोड्या थोड्या वेळानं खणखणीत आवाजात म्हणू लागला, "हो. हो. हो." शिपायासारखा. चुकायला नको म्हणून.

डॉक्टरांनी हात केव्हाच मागं घेतला होता. दोरा त्यांच्या खिशात होता.

राजनंदिनी खोलीबाहेर गेली आणि भिंतीला तोंड करून रडली. मी तिथंच उभा राहिलो, कारण कुणीतरी नाथाजीच्या समोर असायला हवं होतं. त्यानं डोळे उघडले आणि मला डोळ्यांनीच विचारलं, पास का? मी मान हलवली. काय हलवली, हो की नाही, ते माझं मला ठाऊक नाही.

डॉक्टर माणूस बरा होता, रागावला नाही. म्हणाला, "यांना साखर बऱ्याच वर्षांपासून असणार. नसा हळूहळू बधिर होत गेल्या. त्यातच कोरोना झाला. साखरेमुळं कोरोना बळावला, आणि कोरोनानं, त्याच्या औषधानं साखर उसळली. एकानं दुसऱ्याला खांदा दिला. कोरोना निघून गेला, पण पायाच्या रक्तवाहिन्या आणि नसा होत्या त्यापेक्षा वाईट करून गेला. साखर कुठंही गेली नव्हती. आजही साडेतीनशे आहे. आता जखम भरायला रक्तच पोचत नाही."

आधी दोन बोटं काढली. ते लांब बोट त्यातलंच. मग काळेपणा वर सरकला, मग पाऊल, आणि दसऱ्याच्या सुमारास पाय गुडघ्याखाली कापला.

मला वाटलं, आता तरी वहिनींना कळेल. कळलं, पण भलतंच. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती अनसूयेला म्हणाली, "पायात सपाता घातल्या त्या दिवशी. नाथानं बगितलं. एक डाव मोडलं, एक पाय नेला." तिचे डोळे कोरडे होते आणि तिचा हिशेब तिच्या मनात पक्का बसला होता. डॉक्टरांनी समजावलं, राजनंदिनी तर आईच्या पाया पडली. मनुबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ऱ्हायलेला एक तरी माझ्या हातनं जाया नगं." त्यामुळं उजवा पाय उघडाच राहिला. नाथाजी वाद घालत नव्हता. फौजेत पायावर निभावलेला माणूस. अर्ध्या पायानं त्याचा आवाजही अर्धा झाला होता. गोळ्या आणि इन्सुलिन तेवढं आता रेश्मा कुणालाही न विचारता वेळच्या वेळी द्यायची. ती पोरगी होती म्हणून तो जगला, हे मी कुणासमोरही म्हणेन.

फाल्गुनात त्याला सांगलीला नकली पाय बसवला. यात्रेला अजून महिना होता. एका सकाळी मी दुकान झाडून, खिळ्यांचा डबा पुढ्यात घेऊन बसलो होतो, तोवर दाराशी काठी वाजली. वर बघायची गरज नव्हती. डावीकडं रबराचं पाऊल, करड्या रंगाचं, गुळगुळीत, बोटं नुसती कोरलेली. उजवीकडं नाथाजीचा पाय, अनवाणी, टाचेला भेगा. मागं मनुबाईच्या चपला. नाथाजी काठी टेकत आत आला आणि बाकावर बसला.

"दादा, ह्येला बूट दे," रबराच्या पावलावर काठी टेकवत तो म्हणाला. "उगडा ठेवला तर झिजतंय म्हनं लवकर. डागदरनं सांगितलंय."

"आणि उजव्याला?"

"उजवा तुज्याकडंच ठेव. यात्रा झाली की नेतो."

माझ्या तोंडून जे निघालं असतं ते बाईमाणसासमोर बोलायचं नव्हतं. रबराला बूट आणि रक्तामांसाला माती! मनुबाईनं माठाकडं बघितलं आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला, तिनं उभ्याउभ्या रिकामा केला. मी मऊ कातड्याचा, पुढं रुंद, मागून बंद असा जोड काढला, डावा बूट रबरी पावलावर चढवला, बंद ओढला. छान बसला. त्या पावलानं काही तक्रार करायचा प्रश्नच नव्हता.

मग मी तसाच जमिनीवर बसून राहिलो आणि म्हटलं, "हवालदार, पाय पुढं करा. तळवे बघायचेत."

नाथाजीनं माझ्याकडं बघितलं. कित्येक महिन्यांनी त्याच्या मिशीत हसू आलं. त्यानं उजवा पाय उचलून माझ्या मांडीवर दिला.

टाचेच्या मधोमध एक बारीक खिळा टोपीपर्यंत आत गेला होता. माझ्याच डब्यातला. मेली केरसुणी झिजलेली, एक खिळा राहून गेला होता जमिनीवर, आणि दारापासून बाकापर्यंत तो त्याच्यावर वजन देऊन चालत आला होता. मी चिमट्यानं धरून ओढला. बराच लांब निघाला. त्याच्यामागून रक्ताचा एक थेंब आला, सावकाश, काळसर.

"बगितलास का?" नाथाजी म्हणाला. "हाय न्हवं बरा?"

मी तळहात पुढं केला. खिळा बघून त्यानं कपाळाला आठी घातली आणि मग माझ्याकडं न बघता बायकोकडं बघितलं. मनुबाई पुढं आली. तिनं तो खिळा माझ्या हातावरून उचलला, उजेडात धरला. बोटाला टोचून बघितला. तिला लगेच लागलं. तिचा हात मागं आला. ती किती तरी वेळ नवऱ्याच्या टाचेकडं आणि स्वतःच्या बोटाकडं बघत होती. नाथाला दुखवायची भीती आणि हा खिळा, दोन्ही तिच्या तोंडावर मला दिसत होतं, आणि मी तोंड वाचणारा माणूस नव्हे.

"भावजी," ती शेवटी म्हणाली, "ह्ये धुवून काय लावायचं त्ये लावा. आन् उजवा बूट द्या."

"मने, यात्रा ऱ्हायलीया," नाथाजी म्हणाला.

"गप बसा तुमी."

मी टाच धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली, आणि म्हटलं, इथून थेट दवाखान्यात जायचं. रेश्माला फोन लावला. बूट मनुबाईनंच त्याच्या पायात घातला. बंद तिला बांधता येईना, तो मी बांधला, आणि जन्मभराच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "कुठं लागतंय का?"

नाथाजी म्हणाला, "तूच बग."

मी बोट घालून बघितलं. कुठं आवळत नव्हतं.

मी मान वर केली तर मनुबाई दाराशी उभी होती. तिनं स्वतःच्या चपला काढून भिंतीच्या कडेला जोडीनं ठेवल्या होत्या. तिथूनच तिनं हात जोडून वाडीच्या दिशेला बघितलं.

"ह्यांचं सोडवून घेतलं, नाथा," ती म्हणाली. "आता ऱ्हायलेलं माज्याकडनं घे."

"वहिनी, चपला घाला," मी म्हटलं.

"तुमीच म्हनला हुता की, भावजी. नवस माजा, मग पाय बी माजंच." ती जरा हसली. मग पदरानं तोंड पुसलं. "वाईच पानी द्या अजून. तोंडाला सारकी कोरड पडतीया ह्या थंडीपासनं."

मी तांब्या भरून दिला. तिनं तोही रिकामा केला. माझा हात तांब्यावरच राहिला.

"वहिनी, तुमची साखर कुणी तपासली का कधी?"

"माजी कशाला? मला कोरोनापन निस्ता शिवून ग्येला." तिनं नवऱ्याच्या हाताला धरलं आणि दोघं पेठेत उतरली. तो दोन्ही पायांत बूट घालून, ती अनवाणी. गटारीवरच्या पत्र्यावर तिनं पाऊल ठेवलं. ऊन चढलं होतं, पत्रा तापला होता. ती पाय न उचलता, सावकाश, नवऱ्याला सांभाळत पुढं गेली.

मी तिच्या चपला उचलल्या, शटर पार खालपर्यंत ओढलं, आणि त्यांच्या मागं पळालो.